पाठकोरे

कारभारीभाऊंचं नावच कारभारी, म्हणून जन्मभर त्यांना वाटत आलं की आपल्याला कारभार येतो. अमडापूर-चिखली रस्त्यावर त्यांचं 'ओवी लॉन्स' आहे. नातीच्या नावाचं मंगल कार्यालय. पुढे कारंजं, ते फोटोग्राफर आला की तेवढ्यापुरतं चालू होतं. मागे जेवणाचा हॉल. फाटकाजवळ पत्र्याचं ऑफिस, त्यात मी बसायची. पद विचाराल तर मॅनेजर. काम विचाराल तर फोन घेणं, तारखा लिहिणं, आणि लग्न उरकलं की मांडवात वाकून चमचे गोळा करणं.

चमचे कमी भरतात. दोनशे दिले तर दीडशे परत येतात. मुलाकडचे म्हणतात मुलीकडच्यांनी नेले, मुलीकडचे म्हणतात आचाऱ्यानं नेले, आचारी म्हणतो मी घरी हातानं जेवतो. एकदा नवरदेवाच्या मामानं देवाची शपथ घेतली, आणि शपथेसाठी हात वर नेला तेव्हा त्याच्या कोटात चमचे वाजले. तरी मामा कबूल झाला नाही. म्हणाला, चाव्या आहेत.

या चमच्यांपायी भाऊंचा जीव जायचा. नवरी रडत गाडीत बसत असायची आणि हा माणूस तिच्या बापाला फाटकात अडवून म्हणायचा, "चाळीस चमचे, सहा वाट्या, एक सतरंजी."

दिवाळीत त्यांचा मुलगा सौमित्र पुण्याहून आला. सौमित्र एमबीए आहे. गावात आला की तो कोणाकडेही सरळ बघत नाही, थोडं डोक्यावरून बघतो. ऑफिसात खुर्चीवर रुमाल टाकून बसला आणि म्हणाला, "बाबा, हे भांडत बसणं किती डाउनमार्केट दिसतं! पुण्यात हॉटेलवाले काय करतात माहितीये? कार्ड ऑन फाइल. बुकिंगच्या वेळी कस्टमरचं कार्ड घ्यायचं. आत्ता पैसे नाही कापायचे. नंतर जे काही डॅमेज निघेल ते त्यातून चार्ज करायचं. विषय संपला."

"कार्ड फायलीत ठेवतेत?"

"हो. ऑन फाइल."

"अन् पाव्हना काही म्हनत नाही?"

"म्हणायचा प्रश्नच कुठे येतो, बाबा? सही केलेली असते."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेबसाइटवर एक फॉर्म टाक, सुचिता. सोपं आहे." आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

भाऊंनी मला पाचशेची नोट दिली. "चिखलीहून फाईल आन. पुठ्ठ्याची आनू नोको. जाड, बटनाची, दोन वर्स टिकली पाह्यजे."

हे वाचून तुम्ही भाऊंना हसाल. मी तेव्हा हसले नाही, कारण मलाही फाईल म्हणजे फाईलच वाटली. मी कॉम्प्युटर कोणाकडे शिकले नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकले. असं शिकलेल्या माणसाला जे येतं ते येतं, पण काय येत नाही तेच त्याला ठाऊक नसतं. पाऊण तासात फॉर्म केला. नाव, मोबाईल, लग्नाची तारीख, कार्डाचा नंबर, कार्ड कधीपर्यंत चालतं तो महिना, मागचे तीन आकडे.

भाऊंनी चष्मा लावून वाचला. "फोटो कुठी हाये?"

"कशाचा फोटो?"

"कार्डाचा. दोनी बाजूचा. आधारचा घेतो ना आपन? अन् खाली सही. सहीबिगर कागदाले काय किंमत हाये, सुचे?"

मी तेही टाकलं. कागदावर कार्ड ठेवा, खाली सही करा, फोटो काढा, मग कार्ड उलटं ठेवा, पुन्हा सही करा, पुन्हा फोटो. सगळ्यात खाली लिहिलं: अडचण आल्यास संपर्क, सुचिता. पुढे माझा मोबाईल नंबर. भाऊंचा नाही. भाऊ म्हणाले, माह्या फोनवर लोक कायले पाह्यजेत.

आणि लोकांनी दिलं! थू त्या शिक्षणावर. डॉक्टरांनी दिलं, वकिलांनी दिलं, नागपूरच्या इंजिनियरनं दिलं, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकानं दिलं. एक तर बँकेत नोकरीला होता, त्यानं सही जरा मोठीच केली. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारी माणसं, पण इंग्रजी अक्षरांचा फॉर्म दिसला की घरच्या किल्ल्या काढून हातावर ठेवतात. माघापर्यंत एक्केचाळीस जणांनी ठेवल्या.

त्या एक्केचाळीसमध्ये विचारलं फक्त एकीनं. साखरखेर्ड्याच्या पुष्पाबाई, अंगणवाडीत सेविका. नवरा गेलेला, मुलगा शिवम पुण्याकडे कंपनीत, त्याचं लग्न वैशाखात. शेजारणीच्या मोबाईलवरून त्यांचा फोन आला होता.

"ताई, हे एटीएमचं कार्ड मांगून राह्यले तुम्ही. देऊ काय? म्या तं ते कधी वापरलं बी नाही. पासबुकात ठेवेल हाये. पोराच्या लग्नाचं सगळं त्याच खात्यात हाये माय. काही होत तं नाही ना?"

"काही होत नाही, मावशी. पाठवून द्या. पैसे आत्ता कापत नाही, लग्नानंतर."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी पाठवलं. सहीत 'पुष्पा' चा प जरा सुटा आला होता, म्हणून त्यांनी पुन्हा करून पाठवलं.

पौषात एकदा मला प्रश्न पडला की फाईल तर भरत चालली, पण पैसे कापायचे कसे? कार्डाच्या झेरॉक्सला कात्री लावून तर पैसे पडत नाहीत. म्हणून मी एका ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला आणि त्या मुलीला आमची रीत सांगितली.

"मॅडम," ती म्हणाली, "कार्डाचा नंबर तुम्ही तुमच्याकडे ठेवायचाच नसतो. आणि मागचे तीन आकडे कोणीच साठवायचे नसतात. आम्हीसुद्धा नाही. ग्राहक आमच्या पानावर स्वतः कार्ड भरतो. आम्ही तुम्हाला फक्त टोकन देतो. तुम्ही ते टोकन ठेवा. ते चोरीला गेलं तरी दुसऱ्याच्या कामाचं नसतं. किंवा त्याहून सोपं करा, कार्यक्रम झाला की हिशोबाची लिंक पाठवा, ग्राहक बघेल आणि भरेल."

मी धावत भाऊंकडे गेले. ते कारंज्याच्या कठड्यावर बसून सुपारी कातरत होते.

"भाऊ, कार्ड आपल्याजवळ ठेवायचंच नसते. टोकन ठेवायचं असते."

"टोकन तं घेतोच ना आपन. एकवीस हजार. त्याबिगर तारीख देतो काय कोनाले?"

"ते टोकन नाही, भाऊ."

"मंग कोनतं? तुरीच्या खरेदीवर लाईन लागते, तथी भेटते ते?"

"कार्डाच्या नंबराबदली कंपनी आपल्याले दुसरा नंबर देते..."

"आपल्याजवळ असली नंबर असून नकली कायले घ्यायचा?" आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांनी कोणाला तरी दाद मागावी तसं पाहिलं. "ते कंपनीवाले आपल्याच पैशातून दोन टक्के खातीन अन् आपल्यालेच शिकवतीन. अन् लिंक पाठवली, पाव्हन्यानं भरली नाही, तं? चमचे तुह्या बापाकडून घेऊ काय?"

माझा बाप वारलेला आहे. भाऊंना माहीत होतं.

त्याच दिवशी फाईल जाळायला हवी होती. नाही जाळली. सराई तोंडावर होती, बारा हजार पगार होता, आणि मला वाटलं, कपाटात तर आहे, कोण बघतं. मी भाऊंपेक्षा शहाणी होते ती एवढीच, की मला कळलं होतं. कळून मी जे केलं ते त्यांनी न कळता केलं. फरक शोधून सापडत नाही.

आता पाठकोऱ्यांबद्दल सांगते. एका बाजूनं छापलेला, मागून कोरा असा कागद म्हणजे पाठकोरा. भाऊंच्या ऑफिसात कोरा कागद फक्त पावतीला. बाकी आचाऱ्याची यादी, पाण्याच्या टँकरचा हिशोब, पाहुण्यांना पत्ता लिहून देणं, सगळं पाठकोऱ्यावर. टेबलाखाली त्यांची थप्पी असते, वर वीट. एक्केचाळीस फॉर्म मी छापले तेव्हा लोकांनी फोटो आडवे पाठवले होते म्हणून सगळे कागद आडवे आले. वर नाव आणि मोबाईल, त्याखाली कार्डाची पुढची बाजू, सगळ्यात खाली मागची. भाऊ म्हणाले, "मान वाकडी करून वाचू काय मी? सरळ काढ." सरळ काढले, ते फाईलमध्ये गेले. आडवे मी फाडायला घेतले तर त्यांनी हात धरला.

"फाडतं काय? मागून कोरे हायेत ना!"

मी ते त्यांच्या हातात दिले. माझ्या हातानं. त्यांनी वीट उचलली, थप्पीवर ठेवले, वीट परत ठेवली.

माघातल्या एका रविवारी एका ठेकेदाराच्या मुलीचं लग्न होतं. आठशे माणूस. अक्षता ताटात फिरवल्या तर लोक मुठी भरून घेतात आणि तांदूळ फुकट जातो, म्हणून भाऊंनी या वर्षी पुड्या काढल्या होत्या. प्रत्येकाला एक पुडी, पुडीत चिमूटभर तांदूळ. पुड्या बांधायचं काम कोकिळाबाईंकडे, त्या आमच्याकडे झाडलोट करतात.

मुहूर्ताला दहा मिनिटं होती. गणेश ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. गणेशचं अमडापुरात मोबाईलचं दुकान आहे, माझा फोन तोच दुरुस्त करतो.

"सुचिताताई, अक्षता बेस्ट हायेत. पन मले वाटलं फक्त तांदूळ भेटते. तुम्ही तं एटीएमबी देऊन राह्यले."

त्यानं हातावर पुडी उलगडली. पिवळ्या तांदळाखाली नागपूरच्या इंजिनियरचं नाव, त्याचा मोबाईल आणि सोळा आकडे. हळदीनं दोन आकडे पिवळे झाले होते, बाकी स्वच्छ.

"कुठून घेतली?"

"फाटकावर वाटून राह्यले ना. माह्या बाजूच्या बुढ्याच्या पुडीवर मागचे तीन आकडे हायेत. मी म्हटलं, काकाजी, आपल्या दोघायची पार्टनरशिप करू."

तो हसत होता. माझा चेहरा पाहून थांबला.

मी कोकिळाबाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्या काय करू बाई, भाऊनं सांगतलं, विटीखालचे घे. एका कागदाचे चार केले." कोकिळाबाईंची यात काडीची चूक नाही. त्यांना वाचता येत नाही. ज्यांना येत होतं त्यांनी तो कागद विटेखाली ठेवला होता.

एक्केचाळीस कागद, प्रत्येकाचे चार तुकडे. छपाई कागदाच्या एकाच अर्ध्यात आली होती, म्हणून अर्धे तुकडे कोरे, अर्ध्यांवर कार्ड. म्हणजे ब्याऐंशी पुड्या आठशे माणसांच्या मुठींत. मी मांडवात शिरले. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली होती. "सावधान" म्हटलं की लोक अक्षता टाकायचे, कागद खाली टाकायचे, आणि मी त्या पायांमध्ये ओणवी होऊन कागद वेचायची. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. एक म्हातारा म्हणाला, "नवरीची बहीन दिसते, अंगठी पडली असन." मी मान डोलावली. पुढच्या सावधानला माझ्या पाठीवर तांदूळ पडले.

कागद एकवीस मिळाले. आणखी दहा गणेशनं आणून दिले, त्यातले दोन त्यानं एका पोराच्या कागदी विमानांतून सोडवले होते. एकतीस. बाकीचे एक्कावन्न खिशांत, पर्सांत, कोणाच्या पानाच्या पिचकारीखाली, आणि कोणाच्या मोबाईलमध्ये फोटो होऊन. पुष्पाबाईंचा कागद मला सापडला नाही. ना वरचा तुकडा, ना खालचा.

भाऊ फेटा बांधून स्टेजजवळ उभे होते. मी त्यांना जनरेटरच्या मागे नेलं आणि ओंजळीतले कागद दाखवले.

ते घाबरले नाहीत. मला वाटलं होतं, घाबरतील तरी. त्यांनी एक कागद उचलला, लांब धरून वाचला, आणि म्हणाले, "पन तुकडे झाले ना!"

"काय?"

"इकडं पाय. नंबर एकाच्या हाती, मागचे तीन आकडे दुसऱ्याच्या हाती. हे दोन मानसं आठशेमधून एकमेकाले कधी भेटतीन? आपोआप सुरक्षित झालं."

"ते मांडवात मांडीले मांडी लावून बसले, भाऊ. गणेशनं पाह्यलं."

"अन् ओटीपी? ओटीपी आल्याबिगर पैसा जाते काय?"

"बाहेरदेशी कितीक दुकानं ओटीपी मांगत नाहीत. अन् वर मोबाईल नंबर हाये. उद्या कोनी फोन करून म्हनन, बँकेतून बोलतो, तुमच्या कार्डाचे आकडे हे, बरोबर ना? बरोबर आकडे सांगतले की मानूस ओटीपीबी देते अन् धन्यवादबी देते. सगळ्याइले फोन करून सांगा लागन, भाऊ. आजच. कार्ड बंद करा म्हनून."

आता मात्र ते घाबरले. पण कार्डांसाठी नाही.

"बोंबलू नोको! सराई हाये. एकानं ऐकलं तं सगळे टोकन वापस मांगतीन." मग आवाज खाली आला, गोड झाला. "अन् हे पाय सुचे, फॉर्मवर नंबर कोनाचा हाये? तुहाच ना? कॉम्प्युटर कोन चालवते? तूच ना? मले तं बटनबी दाबता येत नाही. उद्या पोलीस आले तं कोनाले इचारतीन? मी तुह्यासाठीच सांगून राह्यलो, पोरी."

पोरी! तीन वर्षांत पहिल्यांदा मी पोरगी झाले.

मी सौमित्रला फोन लावला. एवढा शिकलेला माणूस काहीतरी बोलेल. सगळं ऐकून तो आधी हसला.

"अगं, कार्ड ऑन फाइल म्हणजे पुठ्ठ्याची फाइल नाही गं! अरे देवा. यू पीपल... बरं ऐक, मी मीटिंगमध्ये आहे. बाबा बघतील काय ते. आणि प्लीज, यात कुठे माझं नाव घेऊ नकोस."

"तुम्ही दिवाळीत जरा समजावून सांगतलं असतं तर..."

"बेसिक कॉमन सेन्स आहे, सुचिता."

फोन ठेवला. या माणसाला माहीत होतं. बापानं 'कार्ड फायलीत ठेवतेत?' विचारलं, तेव्हा यानंच 'हो' म्हटलं होतं. पण आपल्या गावातल्या माणसाला समजावून सांगण्यात त्याची इज्जत कमी होणार होती.

पंगत बसली होती. मी ऑफिसचं दार लोटलं आणि फाईल उघडून पहिल्या नावापासून फोन लावत गेले. मी ओवी लॉन्समधून सुचिता बोलते, आमच्या चुकीनं तुमच्या कार्डाची माहिती बाहेर गेली, आत्ताच्या आत्ता बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मला नंबर सांगू नका, मलाच काय कोणालाच सांगू नका. डॉक्टरांनी शिवी दिली, आणि ती बरोबर होती. वकील म्हणाले, तुमचं संभाषण मी रेकॉर्ड करतोय. करा म्हटलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, "कोणतं कार्ड? रेशनचं?" बँकेतला म्हणाला, "हळू बोला, मॅडम, शेजारी आमचे मॅनेजर बसलेत." एका बाईंना खात्रीच होती की मीच फसवणारी आहे. त्यांनी फोन आपटला आणि माझा नंबर ब्लॉक केला. मला त्या दिवशी तेवढ्या एकीचाच आदर वाटला.

अडतीस झाले तेव्हा भाऊंनी दार ढकललं. तोंडात जिलेबी होती.

"कोनाले फोन लावून राह्यली?"

"एकोणचाळिसाव्याले."

त्यांनी फाईल ओढली. मी सोडली नाही. बटण तुटलं. दोन वर्षं टिकणार होतं ते.

"उद्यापासून येऊ नोको," भाऊ म्हणाले. "अन् पगार मांगाले बी येऊ नोको."

राहिलेल्या तिघांचे नंबर माझ्या मोबाईलवर होते, त्यांना मी फाटकाबाहेर उभं राहून फोन लावले. दोन लागले. पुष्पाबाईंचा लागला नाही. फॉर्मवर शेजारणीचा नंबर होता, तो बंद. शिवमचा नंबर माझ्याकडे नव्हता.

सोमवारी सकाळी दोन एस.टी. बदलून साखरखेर्ड्याला गेले. अंगणवाडीत पुष्पाबाई पोरांना उसळ वाढत होत्या. मी काहीही न सजवता सांगितलं. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला, मदतनीस बाईला म्हणाल्या, "पोरायकडं पाय जरा," आणि घरी जाऊन पासबुक घेऊन आल्या. कार्ड त्यातच होतं, बँकेनं दिलेल्या पाकिटात, नवंकोरं.

आम्ही बँकेत गेलो. पासबुकची नोंद करून घ्यायच्या खिडकीवर त्यांनी विचारलं, "हायेत काय?" खिडकीतल्या मुलानं पासबुक मशीनमध्ये घातलं, बाहेर काढलं, मान डोलावली. होते.

कार्ड बंद करायचं टेबल वेगळं. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि एक अर्ज सरकवला.

"हा भरा. सोबत पासबुकची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, आणि कार्डाची झेरॉक्स. दोन्ही बाजूंची. खाली सही."

मी अर्ज परत सरकवला.

"साहेब, कार्डाची झेरॉक्स बाहेर गेली म्हणून तर बंद करायला आलो."

"हो, समजलं ना. पण अर्जाला जोडावी लागते."

"कार्ड हरवलं असतं तर कशाची झेरॉक्स जोडली असती?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला, कपाळावर आठी आली. "मग पोलिसांची तक्रार जोडावी लागते."

"आणि ही झेरॉक्स तुम्ही ठेवणार कुठं?"

"फाईलला," साहेब म्हणाले, आणि मागे बोट दाखवलं. मागे रॅकवर फायली होत्या, रॅक पुरला नाही म्हणून खाली खोक्यात होत्या, आणि खोक्यावर कोणाचा तरी जेवणाचा डबा.

मी बोलायला तोंड उघडलं, पण पुष्पाबाईंनी मला कोपरानं मागे सारलं. साठीची बाई, पोरांना वाढून वाढून कोपर कणखर. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं आणि साहेबांच्या चहाशेजारी ठेवलं.

"हे घे. झेरॉक्स कायले, असलीच घे. आता माह्या डोयासमोर बंद कर."

"मावशी, प्रोसेस असते..."

"पैसे माहे हायेत का तुह्या झेरॉक्सचे? मी इथीच बसतो. पोरं उसळ खाऊन घरी गेले, मले आता दिवसभर काम नाही." आणि त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. पदर सारखा केला. मागची रांग पुढे सरकली आणि ऐकू लागली.

साहेबांनी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. चार-पाच वेळा बटणं दाबली. मी घड्याळ पाहत होते, दोन मिनिटंही लागली नाहीत. कार्ड बंद झालं. अर्ज कोराच राहिला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये परत ठेवला, दुसऱ्या कोणाला तरी सरकवायला.

बाहेर आल्यावर पुष्पाबाईंनी पासबुक पिशवीत तळाशी घातलं.

"मंग आता लग्नाचे पैसे कसे देऊ?"

मी सांगितलं. टोकन दिलंय त्याची पावती जपून ठेवा. लग्न झालं की काय मोडलं, काय हरवलं त्याचा कागद मागा. मग शिवमच्या फोनवर लिंक मागवा, रक्कम वाचा, पटली तर त्यानं स्वतःच्या हातानं भरायची. कार्ड कोणाला दाखवायचं नाही, नंबर कोणाला लिहून द्यायचा नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग हे मले तवा काऊन नाही सांगतलं? म्या इचारलं होतं तुले."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"माहीत नव्हतं तं माहीत नाही म्हनाले तोंड दुखत होतं काय तुहं?"

रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या आवाजात मला उत्तर लपवता येऊ नये.

मी म्हटलं, "हाव. दुखत होतं."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "चाल आता."

"कुठं?"

"त्या कारभाऱ्याकडं. तारीख मी सोडत नाही, पत्रिका छापाले गेल्या. अन् कार्ड देत नाही. तो जे फायलीत ठेवून बसला, ते माह्यासमोर चुलीत घालन. तू दाखव कोनतं कपाट."

"मला कामावरून काढलं, मावशी."

"मंग तं बरंच झालं. तुले आता नोकरी जायचा भेव नाही."

स्टँडवर चिखलीची गाडी लागलेली होती. त्या पुढच्या दारानं चढल्या, मी मागे. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि स्वतःपुरतं एकच तिकीट मागितलं.